परतीची वाट मोकळी ठेवा : बुजऱ्या मांजराला माणसाळवताना

ठिपकीनं पहिल्यांदा माझ्याकडे पाठ करून अंग चाटायला घेतलं, तो ४२वा दिवस होता. त्याआधी रोज संध्याकाळी ती पार्किंगमधल्या गाडीखालून माझ्यावर नजर रोखून बसायची. जेवायची, पण एक डोळा माझ्यावर ठेवून. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे मांजर पाठ करत नाही. पुढे कधीतरी ती मांडीवरही येऊन बसली, पण त्या संध्याकाळइतका आनंद मला तेव्हाही झाला नाही.

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत गेली काही वर्षं मी बुजरी मांजरं माणसाळवते आहे. काही जमली, काही नाही जमली. जी जमली त्या सगळ्यांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी होती : मागे पळायची वाट त्यांना सतत दिसत होती. पळता येतंय हे कळलं की मांजर थांबतं, आणि थांबलं की पुढे येतं. कोपऱ्यात गाठून, दार लावून, धरून ठेवून मोठं मांजर लाडात येत नाही. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना मी पुढे जे जे सांगणार आहे, ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी समोरचं मांजर ओळखा

काही मांजरं कुणाच्या तरी घरात वाढलेली असतात आणि घर बदललं, बाळ झालं, बदली झाली म्हणून खाली सोडून दिलेली असतात. असं मांजर घाबरलेलं असलं तरी शेपूट उभी करून चार पावलं पुढे येतं आणि तुमच्याकडे बघून ओरडतं. मोठी मांजरं आपसात सहसा म्यांव म्यांव करत नाहीत. पिल्लू आईला हाक मारतं आणि माणसात राहिलेलं मांजर माणसाला. म्हणजे तुमच्याकडे बघून जे म्यांव करतं, त्याला माणूस माहीत आहे. इथे काम आठवड्या-दोन आठवड्यांत होतं.

दुसरी बाहेरच जन्मलेली, माणसाचा हात कधीच न लागलेली. ती पोट जमिनीला चिकटवून भिंतीच्या कडेनं जातात, आवाज करत नाहीत, दिवसा फारशी दिसत नाहीत. आणि तिसरी अधलीमधली : मासळीवालीच्या पाटीजवळ, खानावळीच्या मागच्या दारी वाढलेली. माणसाच्या जिवावर जगतात, पण माणसाला हातभर अंतरावरच ठेवतात. ठिपकी त्यातली.

पूर्ण रानटी असलेल्या मोठ्या मांजराला घरात आणण्याचा हट्ट मी आता करत नाही, तुम्हीही करू नका. ते महिनोन्‌महिने पलंगाखाली बसून राहतं, खाणं टाकतं, आणि मांजर दोन-तीन दिवस सलग उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतावर बेततं. अशा मांजराला रोजचं खाणं द्या, नसबंदी करून घ्या आणि त्याच्या जागेवर राहू द्या. एखाद्या मांजराच्या कानाचं, बहुधा डाव्या कानाचं, टोक सरळ रेषेत कापलेलं दिसलं तर समजा की नसबंदीचं काम कुणीतरी आधीच केलेलं आहे.

वेळ, जागा आणि ताटलीचा आवाज

पहिले आठ-दहा दिवस मांजराशी मैत्री करायचीच नाही. मैत्री करायची ती त्याच्या भुकेच्या वेळेशी. दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी ताटली ठेवायची आणि अर्ध्या तासानं उचलायची. दिवसभर खाणं उघडं पडलेलं असेल तर मांजर तुमची वाट बघणार नाही. शिवाय कावळे, घुशी आणि शेजारचे काका, तिघंही तक्रार घेऊन येतील. जागा निवडताना जिन्याखालचा बंद कोपरा टाळा. मांजराला किमान दोन बाजूंनी निसटता आलं पाहिजे.

ताटली ठेवताना एक आवाज ठरवून टाका. मी स्टीलच्या ताटलीच्या काठावर चमच्यानं तीनदा टकटक करते. पाचव्या-सहाव्या दिवशी ठिपकी टकटक ऐकताच पाण्याच्या टाकीमागून यायला लागली. पुढे कधी ती हरवली, दडून बसली, तर हाच आवाज कामाला येतो.

ताटलीत काय घालायचं, यावर आपल्याकडे पहिलं उत्तर दूध-पोळी. ते विसरा. मोठ्या मांजरांना दुधातली साखर सहसा पचत नाही, जुलाब होतात. आणि पोळीतून मांजराला हवं ते काहीच मिळत नाही. मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला मांस-मासळीतूनच घ्यावा लागतो, तो कमी पडला तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. त्यामुळे तुमचं घर शाकाहारी असेल तर बाजारात मिळणारं कोरडं कॅट फूड वापरा, पण डाळ-भातावर मांजर जगवू नका. शिजवून देणार असाल तर चिकन फक्त पाण्यात उकडा : मीठ, हळद, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी चालत नाही. शिजवलेली हाडं काढून टाका, ती आत टोचतात. सुकट आणि सुके बोंबील खारवलेले असतात, ते रोजचं खाणं नव्हे.

मुंग्यांसाठी सोपा उपाय : मोठ्या पसरट ताटात बोटभर पाणी ओता आणि त्यात मधोमध खाण्याची वाटी ठेवा. पिण्याचं पाणी वेगळ्या भांड्यात, खाण्यापासून थोडं लांब.

अंतर कमी करायचं काम त्याचं

मांजर ठरल्या वेळी यायला लागलं की ताटली ठेवून निघून जाण्याऐवजी तिथेच बसायला सुरुवात करा. उभं राहू नका. उभा माणूस मांजराच्या उंचीवरून केवढा दिसत असेल, याचा विचार करा. १०-१२ फुटांवर, जमिनीवर, त्याच्याकडे कूस करून बसा. फोन बघा, पेपर वाचा, भाजी निवडा. मी मटार सोलायचे. हातांना काम असलं की आपण टक लावून बघत नाही आणि हात अचानक हलतही नाहीत. हळू आवाजात काहीबाही बोलत राहा, म्हणजे तुमचा आवाज आणि भरलेलं पोट यांची त्याच्या मनात जोडी जमते.

नजरानजर झालीच तर डोळे वटारल्यासारखे उघडे ठेवू नका. पापण्या सावकाश मिटा, क्षणभर तशाच ठेवा, सावकाश उघडा आणि मान किंचित वळवा. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. अनोळखी माणसानं असे डोळे मिचकावल्यावर मांजरं त्याच्या पुढे केलेल्या हाताकडे जास्त वेळा आली. मी ते वाचायच्या आधीपासून हे करत होते, कारण समोरून उत्तर येतं. ठिपकीनं पहिल्यांदा डोळे मिटून उत्तर दिलं तेव्हा तिचे कान पुढेच होते, फक्त खांदे थोडे खाली आले. इतकीच हालचाल. लक्ष नसतं तर निसटली असती.

मग रोज ताटली वीतभर आपल्याकडे सरकवायची. मांजर आलं आणि खाल्लं, तर उद्या आणखी वीतभर. आलं नाही, किंवा घास उचलून लांब पळालं, तर उद्या दोन विती मागे. या मागे जाण्याला अपयश समजू नका. ठिपकीच्या ४२ दिवसांत ताटली निदान सहा वेळा मागे गेली असेल. पाऊस, पार्किंगमध्ये आलेली नवी गाडी, एखादा नवा बोका, कशानंही मांजर बिथरतं. दिवाळीच्या तोंडावर तर हे काम सुरूच करू नका. एका लवंगी माळेत महिन्याची मेहनत जाते.

माझी एक मोठी चूक इथे सांगते. १९व्या दिवशी ठिपकी माझ्यापासून हातभर अंतरावर जेवत होती. मला वाटलं, आता झालं. मी पोटाखाली हात घालून तिला उचलायला गेले. तिनं ओरडायच्या आधीच अंगठ्याखाली दात रोवले आणि ती दिसेनाशी झाली. चार दिवस आलीच नाही. पाचव्या दिवशी आली ती पार पलीकडच्या गाडीखाली, आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. मी तिची वाट अडवली होती, दुसरं काही नाही.

चावलं किंवा बोचकारलं तर

हे मधेच सांगते, कारण पुढच्या पायरीवर याची गरज पडू शकते. मांजराचे सुळे बारीक आणि खोल जातात. वरून टिंबाएवढी जखम दिसते आणि आत जंतू पोचलेले असतात. माझा हात दुसऱ्या दिवशी सकाळी मनगटापर्यंत सुजला होता. आपल्या देशात रेबीज आहे आणि तो मांजरापासूनही होतो. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरू नका, घट्ट पट्टी बांधू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत रेबीजची लस मिळते. दंडात घ्यायची लस साधारणपणे ०, ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी देतात. जखम खोल असेल तर जोडीला जखमेत वेगळं इंजेक्शन लागतं. रक्त काढणारं बोचकारणंही यातच धरा. वारंवार मांजरं हाताळणार असाल तर आधीच घेऊन ठेवायचे डोसही असतात, डॉक्टरांना विचारा.

पहिला स्पर्श

पहिला स्पर्श हातानं करू नका. लांब दांड्याचा लाकडी चमचा किंवा पळी घ्या आणि टोकाला उकडलेल्या चिकनचा लगदा लावा. मांजर टोक चाटेल. चार-पाच दिवसांनी दांडा थोडा आखूड धरा, मग आणखी आखूड, शेवटी बोटावर. खेळणाऱ्या मांजरासाठी नारळाच्या झावळीचा हीर उत्तम. त्याचं टोक जमिनीवर सरपटत न्या, थांबवा, पुन्हा हलवा. खेळता खेळता हिरानंच गालावरून हळूच एकदा फिरवा. मांजरानं गाल पुढे रेटला तर त्याला आणखी हवंय. सुतळी, लोकर, नाडी खेळायला देऊन मात्र कधी निघून जाऊ नका. गिळलेला धागा आतड्यात अडकतो आणि ऑपरेशन करावं लागतं.

मग हात. मूठ सैल मिटून, बोटाचा सांधा त्याच्या नाकाच्या उंचीला, अर्ध्या वाटेवर धरा आणि थांबा. उरलेली अर्धी वाट त्यानं यायचं. वास घेईल, कदाचित गाल घासेल. गाल, हनुवटीखाली, कानाच्या बुडाशी, एवढंच खाजवायचं, तेही तीन-चार सेकंद, आणि हात मागे घ्यायचा. वरून डोक्यावर हात आणू नका, घारीची झडपही तशीच येते. पोट आणि शेपटीचं बूड तर नकोच. शेपटीचं टोक फटकारायला लागलं, पाठीची कातडी थरथरली, कान बाजूला वळले की पुरे झालं. फिसकारलं तर रागवू नका. फिसकारणं ही सूचना आहे, आणि सूचना देणारं मांजर चावणाऱ्या मांजरापेक्षा कितीतरी बरं.

पिल्लं सापडली तर

इथे घाई करायला हवी, पण योग्य ठिकाणी. पिल्लाचं मन माणसासाठी सर्वांत मोकळं असतं ते दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. आठव्या आठवड्यापर्यंत बुजरं पिल्लूही काही दिवसांत मऊ होतं, तीन महिन्यांनंतर त्यालाच महिने लागतात, चार-पाच महिन्यांनंतर खात्री देता येत नाही. वय ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. डोळे मिटलेले असतील तर दहा-बारा दिवसांच्या आतलं, लडबडत चालत असेल आणि पुढचे बारीक दात दिसत असतील तर तीन-चार आठवड्यांचं, डोळ्यांचा निळा रंग बदलायला लागला असेल तर सहा-सात आठवड्यांचं.

एकटी पिल्लं दिसली की लगेच उचलू नका. आई बहुतेक वेळा खाणं शोधायला गेलेली असते. लांबून काही तास बघा. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण म्हणतो ना, ते तिला जागा धोक्याची वाटते म्हणून. तुम्ही तासातासाला डोकावलात तर ती आठवं घर शोधेल आणि वाटेत एखादं पिल्लू मागे राहील. जागा सुरक्षित असेल तर आईला खायला घाला आणि पिल्लं पाच-सहा आठवड्यांची होऊन स्वतः खायला लागेपर्यंत तिथेच राहू द्या. माणसाळवायला आत आणायचं ते तेव्हा, आणि त्याच सुमारास आईच्या नसबंदीची व्यवस्था करायची. ती अंगावर पाजत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते.

आई खरोखरच नसेल तर आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला पाजू नका, त्याला पचत नाही. बाटलीत कोमट पाणी भरून पंचात गुंडाळून शेजारी ठेवा. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते, तीच वापरा. पिल्लाला पालथं ठेवून पाजा, माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला शी-शूसुद्धा आपोआप होत नाही, पाजल्यावर ओल्या कापसानं पुसून करवावी लागते.

आत आणलेल्या पाच-सहा आठवड्यांच्या पिल्लांना सगळं घर देऊ नका. ती कपाटामागे जातील आणि तुम्हाला दिसणारच नाहीत. एखादं छोटं न्हाणीघर किंवा मोठा पिंजरा पुरे, आत एका बाजूला उघडा पुठ्ठ्याचा खोका. मोठ्या मांजरासाठी सांगितलेला वाट अडवू नका हा नियम इथे थोडा सैल होतो : पिल्लाला पंचात सैलसर गुंडाळून, तोंड मोकळं ठेवून, छातीशी धरून चमच्यानं खायला घालायचं. दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. तुमच्या छातीचे ठोके आणि खाणं एकाच वेळी. दोन-तीन दिवसांत घुरघुर ऐकू येते. एकत्र असलेल्या पिल्लांतलं एखादं सारखं भावंडांमागे लपत असेल तर त्याला काही दिवस वेगळं ठेवा, एकटं असलं की ते तुमच्याकडे येतं.

पकडणं आणि डॉक्टर

गोणीत घालून मांजर नेणं ही आपल्याकडची जुनी आणि वाईट रीत आहे. मांजर आत गुदमरतं, बिथरतं, आणि आयुष्यभर माणसाला विसरत नाही. कॅरियर, म्हणजे मांजर न्यायची दार असलेली पेटी, आधीच आठवडाभर जेवणाच्या जागी दार उघडं ठेवून मांडा, ताटली रोज थोडी आत सरकवा. अगदीच बुजऱ्या मांजरासाठी प्राणिमित्र संस्थांकडे आपोआप दार पडणारा पिंजरा असतो, तो मागून घ्या. दार पडताक्षणी पिंजऱ्यावर जाड चादर टाका. अंधार झाला की मांजर शांत होतं.

नसबंदी पुढे ढकलू नका. चार-पाच महिन्यांची भाटी, म्हणजे मादी, माजावर येऊ शकते आणि नऊ आठवड्यांत पिल्लं घालते. त्याच भेटीत जंतांचं औषध, पिसवांचा उपाय आणि रेबीजची लस उरकून घ्या. पिल्लांना सहा-आठ आठवड्यांपासून ट्रायकॅट या मांजरांच्या तिहेरी लसीचे डोस सुरू होतात. घरात आधीचं मांजर असेल तर नव्याला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, सर्दी आणि गजकर्ण दोन्ही पसरतात. कुत्र्यांसाठीचं गोचिडांचं औषध मांजराला कधीच लावू नका, त्यातल्या परमेथ्रिननं मांजर दगावतं. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडाही नको, तेवढ्यानंही जीव जातो.

घरात पहिले दिवस

एकच खोली, एक खोका, एका कोपऱ्यात खाणं आणि समोरच्या कोपऱ्यात लिटरचा, म्हणजे शी-शूसाठीच्या भरड मातीचा, ट्रे. बाहेर वाढलेल्या मांजराला विकतचं लिटर ओळखीचं नसतं, सुरुवातीला त्यात कुंडीतली माती मिसळा. ट्रे रोज साफ करा. घरात कुणी गर्भवती असेल तर ते काम दुसऱ्यानं करायचं. खिडक्यांना जाळी हवीच, ग्रिलच्या गजांतून मांजर सहज जातं. फरशीला फिनाइल लावत असाल तर बंद करा : मांजर पंजे चाटतं आणि त्यातलं फिनॉल त्याच्या शरीराला निकामी करता येत नाही. साधा साबण पुरतो.

पहिल्या रात्री ते रडेल, दारावर नख्या मारेल. खोक्यातून ओढून काढू नका, समजूत घालायला जवळ जाऊ नका. दिवा मंद ठेवा आणि त्याच खोलीत, लांब, जमिनीवर बसा. पुन्हा ताटली, पुन्हा टकटक, पुन्हा वीतभर. बाहेर ४२ दिवस लागले असतील तर आत आठ-दहा लागतात.

आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात : मांजर तुम्हाला माणसाळलेलं असतं, सगळ्या माणसांना नव्हे. गावाला जाणार असाल तर निदान दोन आठवडे आधी दुसऱ्या माणसाच्या हातात चमचा द्या आणि आपण लांब बसा. मी गणपतीला कोकणात जायचे तेव्हा ठिपकी अजून पार्किंगमध्येच होती. वॉचमनकाकांना म्हटलं, “काका, फक्त टकटक करा, ताटली ठेवा आणि बाजूला बसा. हात लावायचा नाही.” ते म्हणाले, “ताई, मला नाही येणार ती.” तीन दिवस नाहीच आली. चौथ्या दिवशी ती गाडीखालून निघाली, काकांपासून दोन हातांवर थांबली, जेवली आणि सावकाश चालत टाकीमागे गेली. काका स्टुलावरून उतरून जमिनीवर बसले होते.